वेबसाइटवरचे बाजारभाव बातमीपर्यंत कसे आणायचे: तालुका पत्रकारांसाठी कोडिंग आणि स्क्रॅपिंगची क्रमवार पद्धत

विदर्भात तालुक्याच्या गावी राहून बातमीदारी करणारे बरेच जण आता पायथॉन ही कोडिंगची भाषा आणि स्क्रॅपिंग, म्हणजे वेबसाइटवरची माहिती कोडने उतरवून घेणं, शिकायला लागले आहेत. व्हिडिओ बघून सॉफ्टवेअर टाकतात, कुठून तरी कोड मिळवतात, आणि दोन-चार दिवसांत हजारभर ओळींची फाइल तयारही होते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. बेरीज जुळत नाही, नोव्हेंबरच्या तारखा मे महिन्यात जाऊन बसतात, एकाच बाजाराचे एका दिवशी दोन भाव दिसतात. मग माणूस कोडात चूक शोधत बसतो. चूक बहुतेक वेळा क्रमात असते: जे आधी करायचं ते राहून गेलेलं असतं आणि जे शेवटी करायचं ते केलेलंच नसतं.

म्हणून इथे सगळा भर क्रमावर आहे. उदाहरण एकच घेतलंय, सोयाबीनचे बाजारभाव, कारण तो तक्ता प्रत्येकाने पाहिलेला आहे. रोजगार हमीची कामं, शाळांची पटसंख्या, टँकरच्या फेऱ्या यांनाही हीच पद्धत लागू पडते. आणि भावाचा आकडा चुकवून चालत नाही. आपण छापलेला भाव बघून कास्तकार माल काढायचा की ठेवायचा हे ठरवतो.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘सोयाबीनचा डेटा काढायचा आहे’ एवढ्यावर काम सुरू करू नका. कागदावर असं लिहा: ‘१ ऑक्टोबर २०२४ ते ३१ जानेवारी २०२५ या काळात यवतमाळ, वर्धा आणि वाशीम जिल्ह्यांतल्या बाजार समित्यांमध्ये सोयाबीनचा सर्वसाधारण दर किती दिवस हमीभावाच्या खाली होता?’ पीक, काळ, जागा, कोणता दर आणि तुलना कशाशी, हे सगळं या वाक्यात ठरून जातं. कोणते रकाने लागतील आणि कोणते सोडायचे, हेही त्यातूनच निघतं.

तुलनेचा आकडा त्याच कागदावर लिहून ठेवा. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये. कापसाचा मध्यम धाग्यासाठी ७,१२१ वरून ७,७१० झाला आणि लांब धाग्यासाठी ७,५२१ वरून ८,११०. तुरीचा ७,५५० वरून ८,०००.

सावधान: हमीभाव हंगामाचा असतो, कॅलेंडरच्या वर्षाचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये बाजारात आलेली तूर २०२४ च्या खरिपाची, म्हणून तिला ७,५५० हाच आकडा लागतो. साल बदललं म्हणून हमीभाव बदलणं ही फार वेळा दिसणारी चूक आहे.

## टप्पा २: स्क्रॅपिंगशिवाय माहिती मिळते का ते बघा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासा.

१. पानावर कुठे एक्सेल किंवा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी तक्त्याची फाइल) उतरवायचं बटण आहे का? अनेकदा ते तक्त्याच्या अगदी खाली असतं आणि मोबाइलवर दिसतच नाही. पान एकदा संगणकावर उघडून बघा.

२. केंद्र सरकारच्या खुल्या डेटाच्या पोर्टलवर देशभरातल्या बाजारांचे रोजचे भाव एपीआयच्या, म्हणजे कोडला थेट माहिती देणाऱ्या पत्त्याच्या, रूपात मिळतात. नोंदणी केली की ‘चावी’, म्हणजे वापरासाठीचा सांकेतिक शब्द, मिळते. ताज्या भावासाठी हा रस्ता स्वच्छ आहे.

३. एकाच पानावरचा एकच तक्ता हवा असेल तर गूगल शीट्समधलं ‘इम्पोर्ट-एचटीएमएल’ हे सूत्र पुरतं. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: पानाचा पत्ता, ‘टेबल’ हा शब्द, आणि पानावरचा कितवा तक्ता ते. पायथॉनची गरज नाही.

४. जुना डेटा वेबसाइटवर नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘माहिती एक्सेल स्वरूपात द्यावी’ असं स्पष्ट लिहा. २००५ च्या कायद्याच्या कलम ७(९) नुसार माहिती साधारणपणे मागितलेल्या स्वरूपातच द्यायची असते. हे वाक्य विसरलात तर झेरॉक्सचा गठ्ठा हातात पडतो आणि पुढचे कित्येक दिवस टायपिंगमध्ये जातात.

या चारांपैकी काहीच चाललं नाही, तरच पुढे चला.

सावधान: लॉगिन मागणारं पान, कॅप्चा (‘मी यंत्र नाही’ हे सिद्ध करायला लावणारी चाचणी) असलेलं पान आणि आधार किंवा बँक खात्याचे आकडे दिसणारं पान, या तिन्हींना हात लावू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये विनापरवानगी माहिती उतरवून घेणं आणि यंत्रणेत अडथळा आणणं, दोन्हींचा समावेश आहे. वेबसाइटच्या अटी वाचा. मुख्य पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ लिहिलं की यंत्राने कुठे जाऊ नये याची यादी दिसते. ती पाळा.

## टप्पा ३: संगणक आणि फोल्डर तयार करा

जुना लॅपटॉप चालतो, ४ जीबी रॅमचाही. सुरुवातीला थॉनी हे सॉफ्टवेअर टाका. पायथॉन त्याच्या सोबतच येतं, आणि लागणारी पॅकेजेस त्याच्याच मेनूतून बसवता येतात. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड चालतं. सरावापुरतं ते ठीक आहे. चार महिन्यांचा डेटा फोनवर काढायला जाऊ नका.

गूगल कोलॅबबद्दल एक गोष्ट. ब्राउझरमध्ये चालतं म्हणून ते सोयीचं वाटतं, पण तिथला कोड आपल्या घरून चालत नाही, गूगलच्या सर्व्हरवरून चालतो, आणि तो सर्व्हर बहुधा देशाबाहेर असतो. काही सरकारी वेबसाइट्स देशाबाहेरून आलेली मागणी घेतच नाहीत. त्यामुळे जे पान फोनवर उघडतं तेच कोलॅबमध्ये अडतं. असं झालं तर कोड बदलत बसू नका, तोच कोड आपल्या लॅपटॉपवर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवून बघा.

आता फोल्डर. एका कामासाठी एक मोठं फोल्डर करा आणि त्यात चार: ‘मूळ’, ‘तक्ते’, ‘स्वच्छ’, ‘नोंदी’. ‘मूळ’मध्ये वेबसाइटवरून उतरवलेली पानं जशीच्या तशी राहतील. त्या फोल्डरातली फाइल कधीही उघडून दुरुस्त करायची नाही. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि तारीख साल-महिना-दिवस अशा क्रमाने द्या, म्हणजे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते.

‘नोंदी’मध्ये साधी टेक्स्ट फाइल ठेवा: कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या दिवशी, किती वाजता काय उतरवलं. उद्या बातमीवर नोटीस आली तर ही फाइल कामी येते.

## टप्पा ४: पान डोळ्यांनी वाचा, दहा ओळी हाताने उतरवा

कोडची एकही ओळ लिहायच्या आधी ते पान नीट बघा. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या बाजारभावांच्या तक्त्यात बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. वेगवेगळ्या तारखांच्या आणि वेगवेगळ्या बाजारांच्या दहा ओळी वहीत उतरवून घ्या. कोड तयार झाल्यावर त्याची परीक्षा याच दहा ओळींवर होणार आहे.

उतरवताना काही गोष्टी हमखास दिसतील. सोयाबीनला जातीच्या रकान्यात कुठे ‘पिवळा’ असतं, कुठे ‘लोकल’, तर कुठे नुसत्या आडव्या रेघा. मुख्य बाजाराबरोबर उपबाजाराची वेगळी ओळ असते. ‘वाशीम’ आणि ‘वाशीम - अनसिंग’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. ‘नावात वाशीम आहे ते सगळं घे’ असं कोडला सांगितलंत तर दोन बाजार एकत्र होतील आणि कुठेही एरर येणार नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. काही तक्त्यांत तारीख प्रत्येक ओळीत नसते. वर एकच लांब खाना असतो, त्यात तारीख, आणि त्याखाली त्या दिवसाच्या बाजारांच्या ओळी. हे आता टिपलं नाही तर पुढे निम्मा डेटा बिनतारखेचा येतो.

आता पान कसं बनलंय ते तपासा:

१. पानावरचा एखादा भाव निवडा, समजा ४,३२५.

२. कंट्रोल आणि यू दाबून पानाचा सोर्स (मूळ कोड) उघडा आणि तिथे तो आकडा शोधा. सोर्समध्ये स्वल्पविराम नसू शकतो, म्हणून दोन्ही प्रकारे शोधा.

३. सापडला तर काम सोपं आहे, साध्या मागणीने पान मिळेल.

४. सापडला नाही तर तो आकडा पान उघडल्यावर मागाहून येतो. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘नेटवर्क’ उघडा, ‘फेच’ किंवा ‘एक्सएचआर’ निवडा आणि पानावर जिल्हा बदलून बघा. खाली एक नवीन ओळ उमटेल. तिच्या ‘रिस्पॉन्स’मध्ये तोच तक्ता जेसन (कोडला सहज वाचता येणारी मांडणी) स्वरूपात दिसला, तर मूळ झरा सापडला. आता पानाऐवजी थेट त्या पत्त्याकडून माहिती मागा.

सावधान: ‘इन्स्पेक्ट’मध्ये दिसतं म्हणजे सोर्समध्ये आहे असं समजू नका. इन्स्पेक्ट पूर्ण तयार झालेलं पान दाखवतं. कोडला रिकामा तक्ता मिळाला अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा हीच गल्लत झालेली असते.

## टप्पा ५: पायथॉन लागेल तेवढंच शिका

आधी या क्रमाने: व्हेरिएबल, स्ट्रिंग, लिस्ट, डिक्शनरी, ‘इफ’, ‘फॉर’ लूप, फंक्शन, फाइल उघडणं आणि लिहिणं, ‘ट्राय-एक्सेप्ट’. मग तीन पॅकेजेस: पान मागवायला ‘रिक्वेस्ट्स’, पानातून हवं ते उचलायला ‘ब्युटिफुल सूप’, तक्त्याचं काम करायला ‘पांडास’. वेबसाइट बनवणं, मशीन लर्निंग, ‘क्लास’ वगैरे सध्या बाजूला ठेवा. त्यात शिरलेली माणसं सहा महिन्यांनी एकही बातमी न करता थकून परत आलेली मी पाहिली आहेत.

सराव कशावर करायचा? आपल्याच जतन केलेल्या पानावर. बाजारभावाचं एक पान ब्राउझरमधून लॅपटॉपवर सेव्ह करा आणि ते वाचता येईपर्यंत त्यावरच काम करा. नेट लागत नाही, रेंज नसली तरी चालतं, आणि वेबसाइटवर विनाकारण भार पडत नाही. एचटीएमएल तेवढ्यापुरतं समजून घ्या: ‘टेबल’ म्हणजे तक्ता, ‘टीआर’ म्हणजे त्यातली ओळ, ‘टीडी’ म्हणजे खाना, ‘टीएच’ म्हणजे मथळ्याचा खाना. पहिलं लक्ष्य इतकंच ठेवा: फक्त हिंगणघाटची ओळ स्क्रीनवर छापून दाखवायची. ते जमलं की बाकी बाजार लूपमध्ये येतात.

चॅटबॉटकडून कोड लिहून घेतलात तर हरकत नाही, पण प्रत्येक ओळ काय करते ते त्याच्याकडून मराठीत समजून घ्या. जी ओळ दुसऱ्याला सांगता येत नाही ती चालवू नका. चॅटबॉटने ‘नमुन्यादाखल’ म्हणून कोडात स्वतःच भाव भरून दिले नाहीत ना, हे खास तपासा. तसे भाव खऱ्या भावांत मिसळले तर शोधून काढणं फार कठीण जातं.

## टप्पा ६: कृती आधी मराठीत लिहा

चांगला कोड कागदावर मराठीत तयार होतो. आपल्या कामाची कृती साधारण अशी:

१. १ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी अशी तारखांची यादी कर.

२. यादीतली पहिली तारीख घे.

३. या तारखेची फाइल ‘मूळ’ फोल्डरात आधीच आहे का? असेल तर पुढच्या तारखेकडे जा.

४. नसेल तर पान मागव. उत्तराचा क्रमांक २०० (म्हणजे पान नीट मिळालं) आहे का बघ.

५. २०० असेल तर पान जसंच्या तसं फाइलमध्ये ठेव. नसेल तर तारीख आणि क्रमांक ‘नोंदी’त लिही.

६. पाच सेकंद थांब.

७. यादी संपेपर्यंत हेच कर.

तिसरी पायरी आपल्या भागात फार मोलाची आहे. मध्येच वीज गेली, हॉटस्पॉट तुटला, फोनचा डेटा संपला, तरी कोड पुन्हा चालवला की जिथे थांबला तिथूनच सुरू होतो. ही पायरी नसेल तर दर वेळी पहिल्या तारखेपासून.

या कृतीत भाव वाचण्याचा कुठेच उल्लेख नाही, आणि ते जाणीवपूर्वक आहे. आधी सगळी पानं उतरवायची, वाचायचं नंतर. एकाच दमात मागवायचं आणि वाचायचं असं केलं की वाचण्यातली चूक सापडल्यावर सगळी पानं पुन्हा मागवावी लागतात. तोवर वेबसाइटवरचा आकडा बदललेला असू शकतो, पान काढून टाकलेलं असू शकतं. मूळ पान हाताशी असेल तर वाचणारा कोड हवा तितक्या वेळा दुरुस्त करता येतो.

## टप्पा ७: पानं उतरवा

आधी एकच तारीख चालवा. फाइल ब्राउझरमध्ये उघडून बघा. मग एक आठवडा. मग सगळं.

घाई करू नका. वरच्या काळात १२३ दिवस आहेत. तारखेगणिक एक पान आणि दोन पानांमध्ये पाच सेकंद धरले तरी थांबण्याचा वेळ साधारण सव्वादहा मिनिटांचा. एवढ्यासाठी सरकारी सर्व्हरवर एका सेकंदात शंभर मागण्या टाकायची काहीच गरज नाही. त्याच वेळी एखादा कास्तकारही ते पान उघडायचा प्रयत्न करत असतो. मोठं काम असेल तर रात्री चालवा. मागणीसोबत ‘यूजर एजंट’मध्ये (कोण मागतंय हे सांगणारी ओळ) आपली ओळख आणि ईमेल द्या.

उत्तराचे क्रमांक असे वाचा: ४०४ म्हणजे पान नाही, ४०३ म्हणजे मनाई, ४२९ म्हणजे तुम्ही फार वेगाने मागताय, ५०० किंवा ५०३ म्हणजे त्यांच्याकडे बिघाड आहे. ५०३ आला तर तासाभराने प्रयत्न करा. ४२९ आला तर पाचाचे तीस सेकंद करा. ४०३ आला तर थांबा आणि टप्पा २ मधल्या अर्जाकडे वळा. आडवाटेने आत शिरू नका.

विंडोजवर इथे एक एरर हमखास येते, तिच्यात ‘कॅरमॅप’ असा शब्द असतो. फाइल लिहिताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, सांगितलेलं नसतं, म्हणून देवनागरी अक्षरं अडतात. उपाय दोन. पान बाइट्सच्या स्वरूपात ठेवा, म्हणजे ‘टेक्स्ट’ऐवजी ‘कंटेंट’ लिहा. नाही तर फाइल उघडताना ‘यूटीएफ-८’ असं स्पष्ट सांगा.

तपासा: ‘मूळ’ फोल्डरात आकारमानाप्रमाणे फाइल्स लावा. सगळ्यात लहान पाच उघडा. ‘नोंद उपलब्ध नाही’ किंवा बिघाडाचा संदेश असलेली पानं तिथेच सापडतात, कारण अशा पानालाही सर्व्हर कधीकधी २०० हाच क्रमांक देतो.

## टप्पा ८: तक्ता काढा

आता जतन केलेल्या फाइल्स एकेक करून वाचायच्या. टप्पा ४ मध्ये तारखेचा लांब खाना दिसला असेल तर कोडला सांगा: ज्या ओळीत एकच खाना आहे ती तारीख, ती लक्षात ठेव आणि पुढची तारीख येईपर्यंत प्रत्येक ओळीला लाव.

दर ओळीसोबत दोन जादा रकाने जोडा: कोणत्या फाइलमधून आली आणि त्या फाइलमधली कितवी ओळ. शंका आली की थेट मूळ पानावर जाता येतं.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. नुसतं ‘यूटीएफ-८’ दिलं तर एक्सेलमध्ये ‘सोयाबीन’ऐवजी चित्रविचित्र अक्षरं दिसू शकतात. डेटा बिघडलेला नसतो, एक्सेल तो चुकीच्या पद्धतीने वाचत असतो. अशा वेळी ती फाइल एक्सेलमध्ये सेव्ह मात्र करू नका, नाही तर खरंच बिघडेल.

तपासा: वहीतल्या दहा ओळी काढा. दहाही जुळल्या पाहिजेत. नऊ जुळल्या तर दहावी का नाही ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ९: साफसफाई

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि बातमी चुकते तीही इथेच.

तारखा. ०५/११/२०२४ म्हणजे आपल्याकडे ५ नोव्हेंबर. पांडास काही सांगितलं नाही तर ती ११ मे समजतं. क्रम दिवस-महिना-साल आहे हे ‘फॉरमॅट’ देऊन स्पष्ट सांगा. एक्सेलमध्ये ही गडबड डोळ्यांनी ओळखता येते: १ ते १२ तारखा खान्यात उजवीकडे चिकटतात आणि १३ पासूनच्या डावीकडे. डावीकडे चिकटलेली तारीख एक्सेलने तारीख मानलेलीच नसते. तक्ता तयार झाला की सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी तारीख काढा. ती ठरवलेल्या काळाच्या बाहेर गेली तर मागे फिरा.

आकडे. मराठी पानांवर आकडे कधी देवनागरीत असतात, कधी इंग्रजीत, कधी एकाच तक्त्यात दोन्ही. देवनागरी आकडे एक्सेल अक्षर म्हणून धरतं, आणि बेरीज करताना गुपचूप सोडून देतं. पायथॉनचं ‘इंट’ फंक्शन मात्र देवनागरी आकडे नीट वाचतं. स्वल्पविराम आधी काढून टाका, एवढंच.

रिकामं आणि शून्य. रविवारी किंवा पोळ्याला बाजार बंद असतो, त्या दिवशी भाव नसतो. तो खाना रिकामाच राहू द्या. तिथे शून्य भरलंत तर सरासरी कोसळते आणि ‘भाव गडगडले’ अशी खोटी बातमी तयार होते.

नावं. वाशीम आणि वाशिम, बुलडाणा आणि बुलढाणा, मूर्तिजापूर आणि मूर्तीजापूर. कोडसाठी ही सगळी वेगवेगळी गावं. मूळ रकान्याला हात न लावता शेजारी ‘प्रमाण नाव’ असा नवा रकाना करा आणि एक छोटी जुळवणी-यादी हाताने बनवा. गावनिहाय डेटात ‘ऱ’ फार त्रास देतो: तो कधी एकाच चिन्हाचा असतो, कधी ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांचा. डोळ्यांना फरक दिसत नाही, तुलना मात्र जुळत नाही. पायथॉनच्या ‘युनिकोडडेटा’मधून सगळी नावं ‘एनएफसी’ या एकाच ठरावीक रूपात आणा, प्रश्न मिटतो.

कोड क्रमांक. दोन वेगळे डेटा जोडायचे असतील तर नावापेक्षा जनगणनेचा कोड भरवशाचा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा क्रमांक २७, वर्ध्याचा ५०४, यवतमाळचा ५१०. तालुक्याचा कोड पाच आकडी असतो आणि आपल्या राज्यातल्या तालुक्यांचा शून्याने सुरू होतो. हा रकाना अक्षर म्हणून वाचायला सांगा, नाही तर सुरुवातीचा शून्य उडतो आणि जोडणी फसते.

जुन्या फाँटच्या पीडीएफ. बऱ्याच कार्यालयांच्या पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतात. कॉपी केलं की भलतीच अक्षरं येतात. आधी तोच फाँट ओळखणारं रूपांतर वापरा, मग आकडे वाचा. पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) लागेल, आणि ओसीआरने वाचलेला प्रत्येक आकडा मूळ पानाशी ताडून बघावा लागेल. पन्नास-साठ ओळी असतील तर सरळ हाताने टाइप करा.

## टप्पा १०: हिशोब करताना

सर्वसाधारण दर म्हणजे त्या दिवशी त्या बाजारात ज्या भावाच्या आसपास जास्त व्यवहार झाले तो दर. अनेक बाजारांच्या सर्वसाधारण दरांची सरळ सरासरी काढू नका. समजा एका बाजारात ३,००० क्विंटल आवक ४,२०० ने गेली आणि दुसऱ्यात १०० क्विंटल ४,६०० ने. सरळ सरासरी ४,४०० येते. आवकेचा भार दिला तर ४,२१३. बहुतेक कास्तकारांच्या हातात पडलेला भाव दुसऱ्या आकड्याच्या जवळचा आहे.

एकाच दिवशी एका बाजारात दोन जातींच्या दोन ओळी असतील तर दिवस दोनदा मोजला जातो. ‘किती दिवस’ असा प्रश्न असेल तेव्हा आधी बाजार आणि तारीख यांचा गट करा, मग मोजा.

## टप्पा ११: बाजार समितीत जाऊन ताडून बघा

हा टप्पा लॅपटॉपवर होत नाही, आणि तालुक्यातला पत्रकार मोठ्या शहरातल्या डेटा पत्रकाराच्या पुढे असतो तो इथेच. बाजार समिती आपल्यापासून जवळ असते, हर्रास (लिलाव) आपल्याला बघता येतो.

तक्त्यातून कुठल्याही दहा ओळी यंत्रालाच निवडायला सांगा, आपण निवडू नका. त्या ओळी घेऊन बाजार समितीत जा आणि त्या दिवसाची नोंद सचिवांकडे बघायला मागा. दोन-तीन कास्तकारांकडून त्याच दिवसाच्या हिशोबपट्ट्या बघा. फरक दिसला तर तो कोडातला आहे की वेबसाइटवर आकडा भरतानाचा, हे ‘मूळ’ फोल्डरातलं पान उघडून ठरवा. फरक वेबसाइटवरच असेल तर ती स्वतंत्र बातमी असू शकते. त्यावर बाजार समितीचं आणि जिल्हा उपनिबंधकांचं म्हणणं घ्या.

‘हमीभावाच्या खाली’ असं छापण्याआधी तीन प्रश्न विचारा:

१. हमीभाव एफएक्यू, म्हणजे ठरवून दिलेल्या सरासरी चांगल्या, दर्जाच्या मालाला लागू असतो. त्या दिवसांत आलेल्या मालात ओल किती होती? परतीच्या पावसानंतरचा सोयाबीन ओला असतो. कापसात सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) ८ टक्के ओल प्रमाण धरतं आणि १२ टक्क्यांच्या वरचा माल घेत नाही. ओलीचा रकाना तक्त्यात नसतो, तो बाजारात विचारूनच कळतो.

२. खेडा खरेदी किती झाली? गावात येऊन व्यापाऱ्याने नेलेला माल या तक्त्यात नाही. म्हणून ‘शेतकऱ्यांना मिळालेला भाव’ असं न लिहिता ‘बाजार समितीत नोंदलेला भाव’ असं लिहा.

३. कमीत कमी दर वापरलाय की सर्वसाधारण? कमीत कमी दर एखाद्या भिजलेल्या ढिगाचाही असू शकतो. मथळा त्यावर उभा करू नका.

## टप्पा १२: छापताना

बातमीखाली चार ओळींची चौकट द्या: डेटा कुठून घेतला, कोणत्या तारखांचा, कधी उतरवला, हिशोब कसा केला. किती दिवसांची नोंद मिळाली नाही तेही लिहा. स्वच्छ तक्ता वाचकांना मागितल्यावर द्यायची तयारी ठेवा.

भावाच्या तक्त्यात माणसांची नावं नसतात, पण पुढे अनुदानाच्या, विम्याच्या किंवा मजुरीच्या याद्या काढाल तेव्हा असतील. त्यातली नावं, मोबाइल, खाते क्रमांक असलेले रकाने साफसफाईच्या आधीच वेगळे करा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मूळ यादी फिरवू नका. यादी सरकारी पानावर उघडी आहे म्हणून ती पुन्हा पसरवायची मोकळीक आपल्याला मिळत नाही, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आता लक्षात ठेवावा लागतो. बातमीत एखाद्या कास्तकाराचं नाव हवं असेल तर त्याच्या घरी जा, त्याला विचारा, आणि तो हो म्हणाला तरच छापा.

छापून झाल्यावर ‘मूळ’ फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक ऑनलाइन ठेवा. पुढच्या हंगामात कोड पुन्हा चालवण्याआधी पान उघडून रकान्यांचा क्रम बघा. वेबसाइटने मध्येच एखादा रकाना वाढवला असेल तर कोड न कुरकुरता आवकेच्या जागी दर भरून देईल. वहीत नव्या दहा ओळी उतरवा आणि टप्पा ४ पासून सुरुवात करा.